दोरीतली गाठ

मंगळवारी सकाळी मी दूध आणायला निघाले, फाटकाची कडी लावायला मागे वळले, तर भिंतीवर लाल अक्षरं. म्हातारी एकटी आहे. तीन शब्द, प्रत्येक अक्षर दीड वीत उंच, फाटकाच्या खांबापासून पार कोपऱ्यापर्यंत.

खोटं कशाला सांगू, आधी मी अक्षर पाहिलं. एकेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत आलेय, डोळ्याला खोड लागली आहे. स्प्रेच्या डब्याने लिहिलेलं, 'म्हा' मुद्दाम वेडावाकडा केलेला, 'टी'ची वेलांटी ओघळून 'आहे'च्या अंगावर गेलेली. पण सगळी अक्षरं वरच्या रेघेला अशी नीट टांगलेली होती की मनात आलं, मेल्याचा हात काही वाईट नाही. शब्दांच्या मधली जागाही जरा जास्तच स्वच्छ होती, ओल्या फडक्याने पुसल्यासारखी. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

अर्थ मागाहून पोहोचला. शिवी असती तर मी दोन शिव्या परत दिल्या असत्या आणि चहा ठेवला असता. पण ही शिवी नव्हतीच. रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही चोरट्यासाठी लिहून ठेवलेली ती माहिती होती, आणि माहिती बरोबर होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आणि घरात मी एकटीच असते. मी दूध न आणताच आत आले, दार लावलं आणि मुलाला फोन केला.

माझ्या मुलाला आम्ही ठिपक्या म्हणतो. दोन वर्षांचा असताना बापाने नुकत्याच रंगवून ठेवलेल्या पाटीवर त्याने ब्रश बुडवून बुडवून ठिपके दिले होते, तेव्हापासून. आता तो केस पांढरे झालेला बाप्या आहे, ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं आहेत, पण माझ्या तोंडात तेच नाव येतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोबरोबर राहतो. फोनवर त्याने फार काही विचारलं नाही. आलोच म्हणाला, आणि खरंच आला.

गाडीतून उतरला, भिंत पाहिली, मला जवळ घेतलं. तशी त्याला जवळबिवळ घ्यायची सवय नाही. मग डिकी उघडून रंगाचा डबा काढला. राखाडी, भिंतीच्या रंगाशी अगदी मिळता. वरून एक हात मारून टाकू, दहा मिनिटांचं काम, म्हणाला. मला इतकं भरून आलं. एवढ्या घाईतही पोराने डबा आणला. दुकानं उघडायला अजून तासभर होता, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी नको म्हटलं. त्या भिंतीला रंग लावायचा नाही, हे त्याच्या बाबांचं म्हणणं होतं. भिंत त्यांनी स्वतः उभी केली होती, फळ्या ठोकून, काँक्रीट ओतून, गिलावाही न करता. लोकांच्या भिंती रंगवून पोट भरलं, आपली एक तरी कोरी असू दे, असं ते म्हणायचे. पाटीवाल्याच्या घराला पाटी नाही म्हणून लोक हसायचे. हसू देत, म्हणायचे. म्हणून मी ठिपक्याला सांगितलं की भिंत घासून निघेल, रंगून नाही.

"आई, भिंत निघेल गं," तो म्हणाला. "पण ज्याने लिहिलंय तो पुन्हा नाही का येणार? मी दोन वर्षं काय सांगतोय तुला?"

दोन वर्षं तो एकच सांगत होता, घर बंद कर आणि आमच्याकडे ये. त्याने खोली तयार ठेवली होती. पलंग, कपाट, खिडकी, सगळं होतं. फक्त रंग आणायचा नाही, कारण रंगाच्या आणि टर्पेंटाइनच्या वासाने सुनेचं डोकं चढतं. म्हणजे ब्रश नाहीत, पाट्या नाहीत, दिवसभर खिडकीत बसून रहदारी बघायची. सून वाईट नाही हो, वास सहन होत नाही त्याला ती तरी काय करणार. पण माझा हात अजून थरथरत नाही. पुढच्या खोलीत एका चपला शिवणाऱ्याची पाटी अर्धी रंगवून पडली होती, त्यातला 'च' असा उतरला होता की बघत राहावं. दोन वर्षं मी त्याला नाही म्हणत आले होते. त्या मंगळवारी पहिल्यांदा मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, रविवारी सांगते.

मग कामाला लागले. घरची काँक्रीटची भिंत म्हणजे पत्रा नव्हे. तिला बारीक बारीक भोकं असतात आणि रंग त्यांत जाऊन बसतो. थिनर ओतलं की तो पातळ होतो आणि आणखी आत शिरतो. ठिपक्या थिनरची बाटली घेऊन आलाच होता, ती मी बाजूला ठेवली. तारेच्या ब्रशाने घासलं तर तारेचे कण अडकून महिन्याभरात गंजाचे डाग येतात. मी रंग काढायची जाडसर पेस्ट आणली, हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, आणि कोपऱ्यात कोणाला दिसणार नाही अशा जागी थोडी लावून पाहिली. ठीक होती. मग खालची भिंत आधी पाण्याने भिजवली, कारण ती कोरडी राहिली तर वरून ओघळणारा लाल रंग तिच्यात मुरतो. पेस्ट थापायची, वर प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, तासभर थांबायचं, आणि मग नायलॉनच्या ब्रशाने गोल गोल घासून पाण्याने धुवायचं. लाल पाणी गटारात जायचं. पुन्हा पेस्ट, पुन्हा कागद. दिवसाला एक शब्दही निघत नव्हता.

मी 'आहे'पासून सुरुवात केली. शेवटाकडून पुसत आलं की भीती कमी होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उरलं होतं 'म्हातारी एकटी', ते आणखीनच वाईट.

बुधवारी मी गॅरेजवाल्याशी भांडले. तो समोरच असतो, त्याचं आणि माझं हॉर्नवरून जुनं वाजलेलं आहे. गाडी दुरुस्त झाली की हा सात-आठ वेळा हॉर्न वाजवून बघतो आणि माझा हात हलतो. तरी रोज सकाळी शटर वर करताना माझ्याकडे बघून हात वर करायचा. मी घासताना तो स्वतःहून रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, काकू, गाड्या धुवायचं मशीन आणू का, पाण्याचा जोर लावला की निघेल. मी म्हटलं, जोर लावला तर काँक्रीटची कातडी निघेल, अक्कल लाव. आणि तो परत जाताना त्याच्या फळीवर माझं लक्ष गेलं. गाड्यांच्या ओरखड्यांना मारायचे स्प्रेचे डबे होते, रांगेने. त्यात एक लाल.

माझं डोकं फिरलं. हातात ओले मोजे तसेच, मी त्याच्या गॅरेजात गेले आणि तीन गिऱ्हाइकांसमोर त्याला वाटेल ते बोलले. मी गेले की तुझ्या हॉर्नला रान मोकळं, म्हणून हे उद्योग का, असं म्हटलं. म्हाताऱ्या बाईला घाबरवून घरातून काढतोस, लाज नाही वाटत, असंही म्हटलं. तो पाना हातात धरून उभा राहिला. एक गिऱ्हाईक गालात हसलं. शेवटी तो एवढंच म्हणाला:

"काकू, मला 'म्हातारी' लिहायला सांगा, तीन चुका करीन. ते तर सूत लावल्यासारखं सरळ लिहिलंय."

मी ऐकून घेतलं नाही. घरी येऊन ठिपक्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. गॅरेजवाल्यानेच केलं असेल, तो म्हणाला. तो माणूस मला कधीच बरा वाटला नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजवाला शटर वर करायचा ते पाठ फिरवून. त्याने हॉर्न वाजवणंही बंद केलं, आणि ती शांतता मला हॉर्नपेक्षा जास्त टोचायला लागली.

माझी झोप उडाली होती. दाराला कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप पुरेनासं झालं तसं मी जेवणाचं टेबल सरकवून दाराला लावायला लागले. जड टेबल आहे, कंबर धरली. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही, फक्त ठिपक्याला. रोज फोन करायचा तो, आधी आठवड्यातून एकदा करायचा. टेबलाचं त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणून तर म्हणतोय, ये." किती काळजी करतो, मी मनात म्हटलं. बापाच्या माघारी एवढा आधार कोणाला मिळतो.

शुक्रवारी मी त्याला हो म्हणून टाकलं. रविवारी मोठी गाडी घेऊन ये, म्हटलं. ब्रश धुऊन, सुकवून, जुन्या साडीत गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. चपला शिवणाऱ्याला बोलावून त्याची अर्धी पाटी परत दिली. तो बिचारा 'च'कडे बघत म्हणाला, बाकीचं दुसरा कोणी करेल, पण असं नाही करणार. मी आत जाऊन रडले. पण एक ठरवलं होतं, भिंत स्वच्छ करूनच घर सोडायचं. कोरी भिंत त्यांनी दिली होती, कोरीच ठेवून जायची.

शनिवारी दुपारी 'एकटी' उरलं होतं. ते फारच मुरलं होतं म्हणून पेस्टमध्ये पांढरी माती कालवून जाड लेप दिला आणि दोन तास झाकून ठेवला. मग कागद काढला, घासलं, पाणी मारलं. लाल गेला. त्याच्या खाली निळं दिसलं.

मला वाटलं डोळ्यांना भास होतोय. फडक्याने पुसलं. निळी बारीक रेघ, जिथे 'एकटी'ची वरची रेघ होती बरोबर तिच्या खाली, सरळ, आडवी. भोकांत बसलेली निळी भुकटी, तिच्यावर रंग बसल्यामुळे आत जपली गेलेली; बाकीच्या शब्दांखालची माझ्याच घासण्यात लाल पाण्याबरोबर वाहून गेली असणार. आता हे काय आहे ते मला कोणी सांगायला नको. आम्ही पाटी लिहायच्या आधी निळ्या भुकटीत माखलेली दोरी भिंतीवर ताणतो, मधोमध चिमटीत धरून ओढतो आणि सोडतो. फट् आवाज होतो आणि रेघ उमटते. त्याला दोरी मारणं म्हणतात. अक्षरं त्या रेघेला टांगायची, मग ती डुगडुगत नाहीत.

मी हसले. खरंच हसले, एकटीच, रस्त्यावर उभी राहून. गुंड लोक कधीपासून दोरी मारून लिहायला लागले? अंधारात येऊन, लपूनछपून, जीव मुठीत धरून दुसऱ्याची भिंत खराब करायची आणि आधी रेघ आखायची? असा शिस्तीचा गुंड कोणी घडवला?

मग हसू थांबलं, कारण रेघ मधे तुटलेली होती. 'क'च्या डोक्यावर दोन बोटं जागा कोरी, आणि त्या कोऱ्या जागेच्या मधोमध एक निळा ठिपका.

ती गाठ होती. ठिपक्या सात वर्षांचा असताना त्याने धनुष्यबाण करायला बापाची दोरी कात्रीने कापली होती. मी मारणार होते, पण यांनी हसत हसत दोन तुकड्यांची गाठ मारली आणि तीच दोरी पुढे वापरली. गाठीमुळे दोरी दोन्ही बाजूंनी भिंतीपासून थोडी उचलली जायची, म्हणून तेवढी जागा कोरी राहायची आणि गाठ टेकायची तिथे ठिपका पडायचा. ठिपक्याची गाठ, असंच म्हणायचो आम्ही. नवी दोरी घ्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत. शहरातल्या अर्ध्या जुन्या पाट्यांच्या पोटात तो ठिपका आहे, वरून रंग आहे म्हणून कोणाला दिसत नाही.

हे गेले तेव्हा मी ठिपक्याला म्हटलं होतं, बाबांचं काय हवं ते ने. त्याने घड्याळ नेलं नाही, रेडिओ नेला नाही. फक्त ती दोरी मागितली. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, माझ्या पोराने बापाची काय आठवण नेली बघा.

मी पायरीवर बसले. किती वेळ, माहीत नाही. मनाला नाना तऱ्हेने समजावलं. दोरी हरवली असेल, चोरली असेल, कोणाला दिली असेल. आणि एकेक गोष्ट आपोआप येऊन माझ्यासमोर बसत होती. दुकानं उघडायच्या आधीचा राखाडी डबा. शब्दांच्या मधली पुसलेली जागा, जिथे निळी रेघ उघडी राहिली असती. वरून एक हात मारून टाकू. रोजचा फोन. रेघेशिवाय लिहिलं की लहानपणी मी त्याच्या हातावर फूटपट्टी मारायचे, रेघ नाही तर अक्षर नाही म्हणायचे. तेही आलं. त्या रात्रीसुद्धा त्याला रेघेशिवाय लिहिता आलं नाही. अक्षर वाकडं काढलं त्याने, मला ओळखू येऊ नये म्हणून, पण वाकडं अक्षरसुद्धा माझ्या शिकवणीप्रमाणे टांगलं.

तरीही मला खात्री करून घ्यायची होती. आईचं मन, दुसरं काय. मी त्या रेघेवर पुन्हा ओला लेप दिला आणि कागद चिकटवून ठेवला.

रविवारी सकाळी तो आला. मोठी गाडी, तिच्यात पुठ्ठ्याची खोकी. माझी ट्रंक उचलायला वाकला तर मी म्हटलं, आधी एक काम कर. भिंतीवर लिहून ठेव, पाटीचं काम बंद आहे म्हणून, नाहीतर लोक येऊन दार वाजवत बसतील. तो म्हणाला, अगं, एवढी घासलीस आणि आता लिहायचं? मी म्हटलं, आता कोणासाठी कोरी ठेवायची. तुझ्या हाताने लिही, तुझं अक्षर बघून किती वर्षं झाली. मी ब्रश आणि काळा रंग पुढे केला.

खुश झाला हो तो. गाडीकडे गेला, पुढच्या कप्प्यातून दोरी काढली. त्याने विचारही केला नाही, हातच गेला. फाटकाच्या खांबावर वर-खाली दोन खिळे आहेत, त्यातल्या खालच्याला, कागद चुकवून, एक टोक अडकवलं, न शोधता, नेमकं. दुसरं टोक कोपऱ्यापर्यंत ताणून डाव्या हाताने दाबलं आणि मला म्हणाला, मध्ये सोडतेस का, बाबांसारखं? मी चिमटीत दोरी धरली. ओढली. सोडली. फट्.

कागदाच्या वीतभर खाली निळी रेघ उमटली. मधे दोन बोटं कोरी, आत ठिपका.

मी कागद ओढून काढला आणि ओल्या फडक्याने लेप पुसला. वर एक रेघ, खाली एक रेघ. कोऱ्या जागेच्या खाली कोरी जागा, ठिपक्याच्या खाली ठिपका. तो बघत राहिला. दोरीचं टोक अजून त्याच्या बोटाखाली होतं. मग त्याने बोट काढलं आणि दोरी खाली पडली.

"आई, तुझ्याच भल्यासाठी गं. तू ऐकतच नव्हतीस."

मी ओलं फडकं पिळलं. तो बोलत राहिला. मला काही झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं, म्हणाला. रोज ऑफिसात बसून त्याला तेच दिसायचं, म्हणाला. कोणाचं नुकसान केलं का, नुसता रंग तर होता, तोही पुसणारच होतो. एकदा घाबरलीस की येशील एवढंच वाटलं, म्हणाला. रडत होता. खरं रडत होता, ते मला कळतं, मी त्याला जन्म दिला आहे.

"मी दाराला टेबल लावून झोपत होते," मी म्हटलं. "कोणाला माहीत होतं ते?"

"मला."

"आणि तू काय म्हणालास?"

त्याने वाकून दोरीचं पडलेलं टोक उचललं. तो काय म्हणाला होता ते आम्हा दोघांनाही पाठ होतं.

"चोराला घाबरले असते तर चाललं असतं रे. चोर परका असतो. मी पाच रात्री तुला घाबरून झोपले नाही, आणि रोज तुलाच फोनवर सांगत होते. समोरच्या भल्या माणसाची मी तुझ्यापायी चारचौघांत इज्जत काढली, आणि तू म्हणालास, त्यानेच केलं असेल. त्या वेळी तरी तुला तोंड उघडता आलं असतं."

तो पुढे आला, माझा हात धरायला. मी हात मागे घेतला. मी त्याला कधी हात नाकारला नव्हता, आजारपणात नाही, भांडणात नाही. त्यालाही ते समजलं. त्याने नायलॉनचा ब्रश उचलला, मी हे पुसून टाकतो, सगळं पुसून टाकतो म्हणाला आणि निळ्या रेघेवर घासायला लागला. मी ब्रश काढून घेतला.

"दोरी ठेव आणि जा," मी म्हटलं. "गाडी रिकामीच ने."

तो गेला. लगेच नाही, बराच वेळ गाडीत बसून होता, काच वर करून. मग गेला. ट्रंक उघडून ब्रश बाहेर काढायच्या आधी मी रस्ता ओलांडला. गॅरेजवाला टायरवर बसून होता, रविवार म्हणून शटर अर्धंच होतं. मी म्हटलं, बाबा, मी चुकले, कोणी केलं ते कळलंय, सांगणार नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं, मघाशी ठिपक्याची गाडी उभी होती तिकडे पाहिलं. बसा काकू, एवढंच म्हणाला आणि टायर पुढे सरकवला. मी बसले नाही, बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं.

आमच्या धंद्यात मारलेली दोरी वाया घालवत नाहीत. रेघ उमटली की तिच्यावर काही ना काही लिहून मोकळं व्हायचं. यांची कोरी भिंत पोराच्या हाताने गेलीच होती, तेव्हा म्हटलं आता तिच्यावर माझं अक्षर येऊ दे. मी काळा रंग घेतला, सपाट ब्रश घेतला आणि खालच्या रेघेला अक्षरं टांगायला सुरुवात केली. हात थरथरला नाही. खांबाकडून 'म्हातारी' लिहिलं, चांगलं भरदार, वेलांटीला बाक देऊन. मग कोपऱ्याकडे जाऊन 'आहे' लिहिलं. मधली जागा सोडली, निळ्या ठिपक्यासकट.

मंगळवारी तिथे जो शब्द होता, तो मंगळवारी खोटा होता. मला तेव्हा मुलगा होता. पाच दिवस मी पेस्ट लावून, लेप देऊन एक खोटा शब्द घासत होते, आणि ज्या दिवशी तो निघाला त्याच दिवशी खरा झाला. आता तो लिहायची काही गरज नाही.

संध्याकाळी चपला शिवणारा पाटी घेऊन परत आला, कोणीतरी त्याला सांगितलं म्हणे की मी जात नाहीये. भिंतीपाशी थांबून त्याने वाचलं, म्हातारी आहे, आणि हसला. मग मला विचारलं, दोन शब्दांच्या मधे एवढी जागा का सोडलीत? मी म्हटलं, दोरीला गाठ आहे. तो मान हलवून आत आला. त्या रात्री मी टेबल दारापाशी लावलं नाही, आणि झोपही आली नाही.